व्यवस्थापनाच्या वेब पानांमधलं एसक्यूएल इंजेक्शन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धंतोलीतल्या हॉस्पिटलची फायरवॉल, हिंगणा एमआयडीसीतल्या कारखान्याचं हजेरीचं मशीन, इतवारीतल्या ठोक व्यापाऱ्याच्या कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, एखाद्या शाळेचा वाय-फाय कंट्रोलर. नागपुरातली ही सगळी यंत्रं आता ब्राउझरमधूनच चालवली जातात. प्रत्येकाला एक लॉगिन पान असतं आणि त्यामागे बहुतेक वेळा डेटाबेस असतो. पासवर्ड न देता त्या डेटाबेसपर्यंत पोहोचण्याची वाट गेल्या काही वर्षांत मोठमोठ्या कंपन्यांच्या यंत्रांमध्येही उघडी सापडली आहे. या यंत्रांची देखभाल करणारे, त्यांच्यावर खर्च करणारे मालक आणि स्वतः ॲडमिन पॅनेल लिहिणारे इथले डेव्हलपर, अशा तिघांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. सगळं वाचायला वेळ नसेल, तर पान बाहेरून उघडतं का हे कसं तपासायचं, तेवढं तरी आज वाचा आणि आजच करा.

एसक्यूएल इंजेक्शन म्हणजे नेमकं काय?

तुम्ही लॉगिन पानावर नाव टाकलं की आतला प्रोग्रॅम डेटाबेसला एक वाक्य पाठवतो: ‘युजर्सच्या टेबलमधून ती ओळ दे, जिच्यात नाव अमुक आहे.’ हे वाक्य एसक्यूएल भाषेत असतं. प्रोग्रॅमरने ते तुकडे जोडून बनवलेलं असेल, म्हणजे आधी ठरलेला मजकूर, मग तुम्ही टाइप केलेलं नाव, मग पुन्हा ठरलेला मजकूर, तर त्यातलं प्रोग्रॅमरचं कोणतं आणि तुमचं कोणतं हे डेटाबेसला ओळखता येत नाही. कुणी नावाच्या रकान्यात एक अवतरण चिन्ह टाकून नावाची हद्द तिथेच संपवली आणि पुढे स्वतःची आज्ञा लिहिली, तर डेटाबेस तीही पाळतो.

कळमन्याच्या अडतीवर शेठजींच्या सहीची छापील चिठ्ठी आहे असं समजा: ‘माल द्यावा: ______.’ मोकळ्या जागेत कुणी लिहिलं, ‘रामराव यांना. गल्ल्याची किल्लीही यांच्याकडेच द्यावी.’ खाली सही खरी आहे, म्हणून मुनीमजी किल्लीही देऊन टाकतात. डेटाबेस त्या मुनीमजींसारखा वागतो.

ही गोष्ट नवी नाही. डिसेंबर १९९८ मध्ये ‘फ्रॅक’ या ऑनलाइन नियतकालिकाच्या ५४व्या अंकात या प्रकाराचं पहिलं ठळक जाहीर वर्णन आलं. कमजोऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तिला ‘सीडब्ल्यूई-८९’ हा क्रमांक आहे. उपाय तेव्हाही माहीत होता, आजही तोच आहे, आणि तरीही ती नव्या यंत्रांमध्ये सापडते. राग येतो तो याच गोष्टीचा.

फायरवॉलमध्ये किंवा रेकॉर्डरमध्ये डेटाबेस कशाला असेल?

युजर, नियम, व्हीपीएनची (दुरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये येण्याच्या सुरक्षित वाटेची) खाती, लॉग, रिपोर्ट हे सगळं कुठेतरी साठवावं लागतं. छोट्या यंत्रांत एसक्यूलाइट असतं, मोठ्यांत पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल. सोफोसच्या एक्सजी फायरवॉलमध्ये पोस्टग्रेस होतं, सिस्कोच्या युनिफाइड कम्युनिकेशन्स मॅनेजरमागे इन्फॉर्मिक्स आहे. बाहेरून डबा दिसतो, पण आत एक पूर्ण वेब ॲप्लिकेशन चालू असतं, आणि वेबसाइटला होणारे सगळे आजार त्यालाही होतात.

आमचा पासवर्ड मजबूत आहे, ओटीपीही लावलाय. मग काय बिघडणार?

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. कमजोरी लॉगिनच्या आधीच्या टप्प्यात असेल तर पासवर्ड तपासला जाण्यापूर्वीच खेळ संपलेला असतो. नाव-पासवर्डचा रकाना, ब्राउझरने पाठवलेला हेडर (विनंतीसोबत जाणारी माहितीची ओळ), सेशनची कुकी, हे सगळं ओळख पटण्याच्या आधी यंत्राच्या हाती पडतं. त्यातलं काही थेट डेटाबेसच्या वाक्यात गेलं, तर तुमचा पासवर्ड आठ अक्षरी आहे की चाळीस अक्षरी, याने फरक पडत नाही. ओटीपीचं पान तर त्याच्याही नंतर येतं.

काही कमजोऱ्या लॉगिननंतरच्या पानांमध्ये असतात. तिथे ओटीपीचा खरा उपयोग होतो, कारण हल्लेखोराला आधी कुठलं तरी खातं मिळवावं लागतं. म्हणून ओटीपी काढू नका. फक्त त्याच्या भरवशावर लॉगिन पान जगासमोर उघडं ठेवू नका.

हे खरंच कुठे घडलंय, की फक्त कागदावरचं आहे?

घडलंय, आणि ज्या यंत्रांवर आपण सुरक्षेसाठी विसंबतो त्यांच्यातच घडलंय.

एप्रिल २०२० मध्ये सोफोसच्या एक्सजी फायरवॉलवर हल्ला झाला. ज्यांचं ॲडमिन पान किंवा युजर पोर्टल इंटरनेटवरून उघडत होतं, ती यंत्रं लक्ष्य झाली. लॉगिन न करता एसक्यूएल इंजेक्शनने डेटाबेसच्या एका टेबलमध्ये एक ओळीची आज्ञा घुसवली गेली. तिने बाहेरून एक स्क्रिप्ट उतरवली, आणि त्या स्क्रिप्टने पुढचं मालवेअर आणलं. ‘अस्नारोक’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या मालवेअरने स्थानिक खात्यांची नावं आणि पासवर्डचे हॅश (सांकेतिक रूपं) गोळा केले. स्क्रिप्टसाठी वापरलेलं डोमेनही सोफोसच्या अपडेटचं वाटावं असंच निवडलं होतं. कंपनीने काही दिवसांत हॉटफिक्स (तातडीची दुरुस्ती) पाठवला. जाहीर कमजोऱ्यांच्या जागतिक यादीतला, म्हणजे सीव्हीईतला, हिचा क्रमांक सीव्हीई-२०२०-१२२७१. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने या प्रकरणात एका चिनी नागरिकावर आरोपपत्र जाहीर केलं, तेव्हा जगभरातल्या सुमारे ८१,००० फायरवॉलवर हा हल्ला झाल्याचं सांगितलं गेलं.

२०२१ च्या सुरुवातीला सोनिकवॉलच्या एसएमए १०० मालिकेची पाळी आली. घरून काम करणाऱ्यांना ऑफिसच्या नेटवर्कमध्ये आणणारी ती यंत्रं. तिथेही लॉगिनशिवाय एसक्यूएल इंजेक्शन करून खात्यांची आणि सेशनची माहिती मिळवता येत होती, आणि पॅच येण्याआधीच त्या कमजोरीचा वापर सुरू झाला होता.

मार्च २०२४ मध्ये फोर्टिनेटच्या फोर्टीक्लायंट ईएमएस या सर्व्हरमधली कमजोरी जाहीर झाली. कंपनीतल्या सगळ्या लॅपटॉपच्या सुरक्षेचं व्यवस्थापन हा सर्व्हर करतो आणि मागे मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर असतो. त्या डेटाबेसमध्ये ‘एक्सपी सीएमडीशेल’ नावाची एक सोय आहे, जिच्यातून विंडोजच्या आज्ञा चालवता येतात. ती मुळात बंद असते. पण इंजेक्शन करणाऱ्याकडे पुरेसे अधिकार आले की तो ती स्वतःच चालू करतो, आणि मग प्रश्न डेटाबेसपुरता राहत नाही, पूर्ण सर्व्हर त्याच्या हाती जातो.

जुलै २०२५ चं फोर्टीवेबचं प्रकरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. फोर्टीवेब म्हणजे वेब ॲप्लिकेशन फायरवॉल. दुसऱ्यांच्या वेबसाइटवर होणारं एसक्यूएल इंजेक्शन अडवणं हे तिच्या मुख्य कामांपैकी एक. तिच्याच व्यवस्थापन पानात, विनंतीसोबत येणाऱ्या ऑथरायझेशन हेडरमधला मजकूर न तपासता एसक्यूएलच्या वाक्यात जात होता. संशोधकांनी दाखवून दिलं की या वाटेने डिस्कवर फाइल लिहिता येते आणि शेवटी यंत्रावर हवा तो कोड चालवता येतो. क्रमांक सीव्हीई-२०२५-२५२५७. पॅच ८ जुलैला आला, हल्ला कसा करायचा याचे तपशील ११ जुलैला सार्वजनिक झाले, आणि १८ जुलैला अमेरिकेच्या सिसा या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या कमजोऱ्यांच्या यादीत तिची नोंद केली. दिवाळीच्या सुट्टीनंतर पॅच मारू असं म्हणायला इथे वावच नव्हता.

आमची फर्म लहान आहे. आमच्याकडे चोरण्यासारखं काय आहे?

२०२० मध्ये त्या ८१,००० यंत्रांच्या मालकांची नावं वाचून कुणी निवड केली नव्हती. इंटरनेटवरच्या आयपी पत्त्यांवर सतत यांत्रिक चाचपणी सुरू असते. कुठल्या पत्त्यावर कोणत्या मॉडेलचं लॉगिन पान आहे याची सूची शोडान आणि सेन्सिससारख्या सेवांवर कुणीही पाहू शकतो. नवी कमजोरी जाहीर झाली की त्या सूचीतल्या सगळ्यांवर एकाच वेळी हल्ला होतो. त्यात वर्धमाननगरचं गोदाम आणि मुंबईची बँक यांत भेद केला जात नाही.

आणि चोरण्यासारखं काही नाही, हेही खरं नसतं. हॉस्पिटलकडे रुग्णांचे रिपोर्ट असतात, सीएच्या ऑफिसात शेकडो अशिलांचे पॅन आणि बँक तपशील असतात, संत्र्याच्या व्यापाऱ्याकडे शेतकऱ्यांची देणी आणि खातेक्रमांक असतात. काहीच नसलं तरी तुमचं इंटरनेट कनेक्शन असतं. तुमच्या आयपीवरून दुसऱ्यावर हल्ला झाला, तर पोलिस पहिल्यांदा तुमच्या दारी येतील.

आमचं पान बाहेरून उघडून राहिलं का, हे कसं पाहावं?

मोबाइलचं वाय-फाय बंद करा, मोबाइल डेटावर या. ऑफिसचा सार्वजनिक आयपी पत्ता ऑफिसच्या नेटवर्कवरून आधीच पाहून ठेवा. तो ब्राउझरमध्ये टाका: आधी नुसता, मग एचटीटीपीएस लावून, मग तुमच्या यंत्राच्या ठरलेल्या पोर्टवर, जसं ४४३, ४४४४, ८०८०, ८४४३, १०४४३. लॉगिनचा चौकोन दिसला, तर तो जगातल्या प्रत्येकाला दिसतो.

एवढ्यावर थांबू नका. राउटरमध्ये जाऊन पोर्ट फॉरवर्डिंगची, म्हणजे बाहेरून येणारी जोडणी आतल्या यंत्राकडे वळवणाऱ्या नियमांची, यादी उघडा. कॅमेरे बसवणाऱ्याने, हजेरीच्या मशीनवाल्याने, लिफ्टवाल्याने आपापल्या सोयीसाठी केलेली आणि नंतर सगळ्यांच्या विस्मरणात गेलेली फॉरवर्डिंग तिथे सापडतात. यूपीएनपी चालू असेल तर यंत्रं माणसाला न विचारता स्वतःच पोर्ट उघडतात; ते बंद करा. ऑफिसला आयपीव्ही-६ मिळत असेल तर त्या पत्त्यानेही तपासा, कारण जुन्या पद्धतीच्या पत्त्यावर बंद असलेलं पान नव्या पत्त्यावर सताड उघडं असू शकतं. इंटरनेटच्या दोन लाइन असतील तर दोन्ही तपासा. बॅकअपची लाइन तपासायची राहून जाते.

हे सगळं फक्त स्वतःच्या किंवा लेखी परवानगी असलेल्या पत्त्यांवरच करायचं.

बुटीबोरीच्या प्लांटला रोज जाणं होत नाही. पान बंद केलं तर आम्ही दुरून काम कसं करायचं?

अडचण खरी आहे. मे महिन्यात ४५ अंशांत एका नियमासाठी बुटीबोरी गाठायची, तर कुणालाही ॲडमिन पान बाहेरून उघडं ठेवण्याचा मोह होतो. एएमसीवर (वार्षिक देखभाल करारावर) काम करणाऱ्या मुलांवर दिवसभरात किती ठिकाणांचा भार असतो हे मी रोज पाहतो, त्यामुळे ‘बंद करा’ एवढंच सांगून हात झटकणं मला पटत नाही.

मार्ग असा: आधी व्हीपीएन, मग ॲडमिन पान. व्यवस्थापनाचं पान फक्त आतल्या नेटवर्कवर उघडायचं, शक्यतो वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात), आणि तुम्ही बाहेरून व्हीपीएनने आत यायचं. वायरगार्ड किंवा ओपनव्हीपीएन एखाद्या छोट्या लिनक्स मशीनवर बसवता येतं, त्याला लायसन्सचा खर्च नाही. व्हीपीएन त्याच फायरवॉलवर असेल तर त्याचं वेब पोर्टल बंद ठेवा. सोफोस आणि सोनिकवॉलच्या प्रकरणांत वापरकर्त्यांसाठीची पानंही दार ठरली होती. ऑफिसला स्टॅटिक आयपी नसेल किंवा इंटरनेट कंपनीने दिलेलं कनेक्शन सामाईक पत्त्यामागे असेल, तर आतून बाहेर जोडणी करणारी मेश पद्धतीची व्हीपीएन सेवा घ्या. तिला एकही पोर्ट उघडावं लागत नाही.

हेही जमत नसेल तर निदान ॲडमिन पान तुमच्या ऑफिसच्या ठरावीक आयपीवरूनच उघडेल असा नियम लावा. व्हीपीएनइतकं चांगलं नाही, पण जगाला उघडं ठेवण्यापेक्षा कितीतरी बरं.

अमेरिकेच्या सिसाने जून २०२३ मध्ये आपल्या केंद्रीय खात्यांना आदेशच दिला: इंटरनेटवर उघडं असलेलं व्यवस्थापनाचं पान सापडलं किंवा कळवलं गेलं की १४ दिवसांत ते काढा किंवा त्यापुढे वेगळं प्रवेश-नियंत्रण लावा. तो आदेश आपल्याला लागू नाही, पण १४ दिवसांची मुदत आपणही स्वतःला घालून घेऊ शकतो.

पोर्ट बदलून अवघड आकडा ठेवला तर?

एकूण पोर्ट ६५,५३५. ते सगळे चाचपायला यंत्राला फार वेळ लागत नाही. लॉगमधली गर्दी कमी होईल, संरक्षण मिळणार नाही.

एचटीटीपीएसचं कुलूप दिसतं, मग सुरक्षित ना?

कुलूप वाटेतल्या माणसापासून वाचवतं. हल्लेखोर वाटेत नसतो, समोरच्या टोकाला बसलेला असतो, आणि त्याची आज्ञाही त्याच कुलूपबंद जोडणीतून सुखरूप पोहोचते.

फक्त पाहण्याचे अधिकार असलेलं खातं दिलं तर धोका नाही ना?

आहे. मे २०२४ मध्ये सिस्कोच्या फायरपॉवर मॅनेजमेंट सेंटरमधली कमजोरी (सीव्हीई-२०२४-२०३६०) जाहीर झाली. तिला लॉगिन लागत होतं, पण फक्त पाहण्याचे अधिकार असलेलं खातंही पुरत होतं. तिथून डेटाबेसमधली माहिती काढता येत होती आणि रूटपर्यंत, म्हणजे यंत्राच्या सर्वोच्च पातळीपर्यंत, अधिकार वाढवता येत होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये झॅबिक्स या देखरेखीच्या सॉफ्टवेअरमध्ये अशीच कमजोरी समोर आली, तिथे एपीआय वापरू शकणारं साधं खातं पुरेसं होतं. नागपुरातही अनेक ठिकाणी झॅबिक्स वापरतात, आणि ‘नुसते ग्राफ बघायला’ म्हणून दिलेली खाती वर्षानुवर्षं तशीच पडून राहतात. नोकरी सोडून गेलेल्यांची खाती आजच बंद करा.

फर्मवेअर अपडेटने चालू सिस्टिम बंद पडली तर? मालक रागावतात.

भीती अगदीच निराधार नाही, अपडेटनंतर यंत्र न उठल्याचे प्रसंग येतात. म्हणून आधी कॉन्फिगरेशनचा बॅकअप घ्या आणि तो यंत्राबाहेर ठेवा. कंपनीने सांगितलेला अपडेटचा क्रम पाळा. जुन्या आवृत्तीवरून थेट नवीन आवृत्तीवर उडी मारली की घोळ होतो. हॉस्पिटल असेल तर ओपीडी संपल्यावरची वेळ ठरवा आणि प्रशासनाला लेखी कळवा. मालकाला समजावताना एवढंच सांगा: अर्धा तास ठरवून बंद राहायचं, की न ठरवता आठवडाभर.

पॅच लगेच मारता येत नसेल तर पान लगेच बंद करा. फोर्टीवेबच्या वेळी कंपनीने स्वतः तात्पुरता उपाय म्हणून एचटीटीपी आणि एचटीटीपीएसवरचं व्यवस्थापन बंद ठेवायला सांगितलं होतं.

आणि ज्या यंत्राला कंपनीने अपडेट देणं थांबवलंय, त्याच्यासाठी पॅचची वाट पाहू नका. ते बदला. तोवर त्याला इंटरनेटपासून तोडा.

आमच्यावर आधीच हल्ला झाला असेल, तर ते कसं कळणार?

लॉगमध्ये शोधा: पत्त्यात किंवा हेडरमध्ये अवतरण चिन्हं, त्याचं सांकेतिक रूप असलेलं टक्का-२७, ‘युनियन’, ‘सिलेक्ट’, ‘स्लीप’ यांसारखे शब्द. लॉगिन पानाकडून एरवी क्षणात उत्तर मिळतं आणि एकाच आयपी पत्त्यावरून आलेल्या विनंत्यांना मात्र बरोबर पाच किंवा दहा सेकंद लागतायत, तर कुणीतरी डेटाबेसला ‘उत्तर हो असेल तर थांब’ असं विचारत एकेक अक्षर काढत असण्याची शक्यता आहे. पडद्यावर काहीच न दिसता माहिती नेण्याची ही पद्धत आहे. वेळ लागतो, पण पूर्ण टेबल निघून जातं.

तुम्ही न बनवलेलं ॲडमिन खातं, रात्री बदललेला नियम, अनोळखी व्हीपीएन युजर, यंत्राने स्वतःहून बाहेरच्या अपरिचित पत्त्याशी केलेली जोडणी, हेही पाहा.

एक अडचण लक्षात घ्या. बरीच यंत्रं फॉर्ममधून पाठवलेला मजकूर लॉगमध्ये ठेवत नाहीत, आणि आत शिरलेला माणूस यंत्रावरचे लॉग पुसू शकतो. म्हणून लॉग वेगळ्या मशीनवर पाठवण्याची व्यवस्था आजच करा. लॉगमध्ये काही सापडलं नाही, याचा अर्थ काही झालं नाही असा घेऊ नका.

हल्ला झाल्याचं दिसलं. आता पहिल्यांदा काय?

नेटवर्कची तार काढा, वीज काढू नका. मेमरीतला पुरावा विजेबरोबर जातो. स्क्रीनचे फोटो, लॉग, कॉन्फिगरेशन बाहेर काढून ठेवा. मगच दुरुस्ती.

पॅच मारला म्हणजे आत बसलेला बाहेर जात नाही. यंत्र कंपनीच्या मूळ इमेजवरून पुन्हा बसवा आणि हल्ल्याआधीच्या खात्रीच्या बॅकअपमधून कॉन्फिगरेशन घ्या. त्यानंतरचं काम कंटाळवाणं आहे, पण खरं महत्त्व त्यालाच आहे: त्या यंत्राला माहीत असलेलं प्रत्येक गुपित बदलायचं. ॲडमिन पासवर्ड, सगळ्या व्हीपीएन युजरचे पासवर्ड, व्हीपीएनची सामाईक किल्ली, ॲक्टिव्ह डिरेक्टरीशी जोडणारं खातं, एसएनएमपीची कम्युनिटी, ईमेल पाठवण्याचा पासवर्ड, एपीआय टोकन, एसएसएल प्रमाणपत्राची खासगी किल्ली. ॲक्टिव्ह डिरेक्टरीचं खातं बदलायचं राहिलं, तर बाकी सगळी मेहनत वाया जाऊ शकते. त्या एका खात्यातून हल्लेखोर पुन्हा आत येतो.

कुणाला कळवणं बंधनकारक आहे का?

हो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवावं लागतं, आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. पूर्ण तपास होईपर्यंत थांबायचं नसतं. हाती असेल तेवढी माहिती आधी पाठवायची. पैसे गेले असतील तर १९३० या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा आणि सायबर पोलिसांकडे तक्रार नोंदवा. लोकांची वैयक्तिक माहिती सांभाळणाऱ्यांसाठी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आहे. वाजवी सुरक्षा उपाय न केल्यास त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

आम्ही स्वतः ॲडमिन पॅनेल बनवतो. कोडमध्ये काय पाहायचं?

मूळ उपाय एकच: वाक्य आणि माहिती वेगवेगळी पाठवा. याला प्रिपेअर्ड स्टेटमेंट म्हणतात. माहितीच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून वाक्याचा साचा आधी डेटाबेसला जातो, मूल्यं नंतर वेगळी जातात. डेटाबेसने वाक्याचा अर्थ आधीच लावलेला असल्यामुळे मूल्यात काहीही लिहिलं तरी ते मूल्यच राहतं. पीएचपीत पीडीओ वापरत असाल तर एक जागा सांभाळा: मायएसक्यूएलसोबत ते मुळात प्रिपेअर्ड स्टेटमेंटची नक्कल करतं, ती नक्कल बंद करून खरं स्टेटमेंट वापरा. अजूनही जुनी मायएसक्यूएल फंक्शन्स असलेला कोड कुठे चालू असेल, तर ती पीएचपी ७ मधून २०१५ सालीच काढली गेली. म्हणजे तो सर्व्हर आजही पीएचपी ५ वर आहे, आणि ती स्वतंत्र काळजीची बाब आहे.

अवतरण चिन्हांपुढे तिरकी रेघ लावून भागत नाही. आकड्याच्या रकान्याला अवतरण चिन्हं नसतातच, तिथे रेघ कशापुढे लावणार?

ॲडमिन पॅनेलमध्ये जी जागा हमखास सुटते ती म्हणजे रकान्यानुसार क्रम लावण्याची सोय. यादीच्या शीर्षकावर क्लिक केलं की रकान्याचं नाव सर्व्हरकडे जातं आणि ते तसंच वाक्यात जोडलं जातं. रकान्याचं नाव प्रश्नचिन्हाच्या जागी पाठवता येत नाही, म्हणून चांगले डेव्हलपरही इथे तुकडे जोडतात. त्याऐवजी परवानगी असलेल्या रकान्यांची यादी कोडमध्ये ठेवा, आलेलं नाव त्यात असेल तरच वापरा. चढता-उतरता क्रम, टेबलचं नाव, तारखेनुसार बदलणारी लॉगची टेबलं यांनाही हाच नियम. ओआरएम (एसक्यूएल आपोआप बनवणारी लायब्ररी) वापरतो म्हणून निश्चिंत राहू नका. रिपोर्टसाठी त्यातच कच्चं एसक्यूएल लिहिलेलं असतं. कोडमध्ये आधी तेच शोधा.

दुसरी सुटणारी जागा उशिरा फुटणारं इंजेक्शन. वाय-फायला जोडलेल्या पाहुण्याच्या मोबाइलचं नाव कंट्रोलरच्या डेटाबेसमध्ये नीट साठवलं जातं, काही होत नाही. आठवड्याने ॲडमिन रिपोर्ट उघडतो, तेव्हा प्रोग्रॅम ते नाव डेटाबेसमधून काढून दुसऱ्या वाक्यात जोडतो, कारण ‘हे तर आपल्याच टेबलमधलं आहे’. मोबाइलचं नाव मात्र पाहुण्याने ठेवलेलं असतं. फसलेल्या लॉगिनमध्ये टाकलेलं नाव, कॅमेऱ्याचं नाव, प्रिंटरचं नाव, सगळ्यांना हेच लागू. डेटाबेसमधून आलेली माहितीही बाहेरचीच समजा.

आणि ॲप्लिकेशनला डेटाबेसचं रूट खातं देऊ नका. फाइल लिहिण्याचा अधिकार काढून घ्या. इंजेक्शन सापडलंच तर नुकसान एका टेबलवर थांबेल की पूर्ण सर्व्हरवर जाईल, हे त्या एका खात्यावर ठरतं.

वेब ॲप्लिकेशन फायरवॉल घेतली तर कोड बदलावा लागणार नाही ना?

लागणार. ती ओळखीचे साचे अडवते आणि दुरुस्तीसाठी वेळ मिळवून देते. लिहिण्याची पद्धत बदलली की साचा चुकतो. शिवाय तिच्या स्वतःच्या ॲडमिन पानापुढे कोण उभं आहे, हे फोर्टीवेबने दाखवलंच.

नवं यंत्र घेताना विक्रेत्याला काय विचारायचं?

अपडेट किती वर्षं मिळतील, लेखी. सुरक्षेच्या सूचना कंपनी कुठे जाहीर करते आणि सीव्हीई क्रमांक देते का. तातडीचा हॉटफिक्स आपोआप लागू होतो का. व्यवस्थापनासाठी वेगळं पोर्ट आहे का, आणि इंटरनेटच्या बाजूचं ॲडमिन पान मुळात बंद असतं का. ज्या कंपनीच्या नावावर एकही कमजोरी जाहीर नाही तिच्याबद्दल मला जास्त शंका येते. बहुधा तिथे कुणी शोधलेलंच नसतं किंवा सापडलेलं सांगितलेलं नसतं.

आम्ही इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आहोत. शहरातली उघडी पानं तपासून लोकांना सावध केलं तर चालेल का?

हेतू चांगला आहे, पण परवानगीशिवाय एकही अवतरण चिन्ह टाकू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ नुसार दुसऱ्याच्या यंत्रणेत अप्रामाणिकपणे किंवा कपटाने विनापरवानगी शिरण्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि तुमचा हेतू चांगला होता हे तुम्हाला पोलिस स्टेशनात बसून पटवून द्यावं लागेल. परवानगी असली तरी चालू यंत्रावर एसक्यूएलमॅपसारखं आपोआप इंजेक्शन करून पाहणारं साधन थेट सोडू नका. ‘किंवा एक बरोबर एक’ ही नेहमीच खरी ठरणारी, म्हणून निरुपद्रवी वाटणारी चाचणी जर ओळी पुसणाऱ्या वाक्यात जाऊन बसली, तर हॉस्पिटलच्या सगळ्या नोंदी पुसल्या जातील.

सराव करायचा तर डीव्हीडब्ल्यूए आणि ओडब्ल्यूएएसपीचं वेबगोट ही मुद्दाम कमजोर बनवलेली ॲप्लिकेशन्स फुकट आहेत, आपल्या लॅपटॉपवर बसवा. पोर्टस्विगरच्या वेब सिक्युरिटी अकॅडमीत एसक्यूएल इंजेक्शनचे धडे आणि प्रयोगशाळा विनामूल्य आहेत. अभ्यास करताना एखाद्या उत्पादनात खरी कमजोरी सापडली, तर आधी त्या कंपनीच्या सुरक्षा विभागाला कळवा. उत्तर आलं नाही तर सर्ट-इनकडे जा. सीव्हीई क्रमांक देण्याचा अधिकार सर्ट-इनला आहे, आणि शोधणाऱ्याचं नाव नोंदवण्याची रीतही आहे.